मुंज झाली की परत

बिबवेवाडी, पुणे
मार्गशीर्ष, पहिला गुरुवार

प्रिय सलिल,

तुला आणि नम्रताला माझे आशीर्वाद. आज सकाळपासून जिन्यात नुसती वर्दळ आहे. कुणाला आंब्याचा डहाळा हवाय, कुणाचं पाचवं फळ राहिलंय. सोसायटीतल्या सगळ्याजणी लक्ष्मीचा घट मांडताहेत. मला यंदापासून हे गुरुवार नाहीत. त्यामुळे दुपार मोकळी पडली, आणि गेले तीन आठवडे लिहीन लिहीन म्हणत ठेवलेलं लिहायला बसले. तुझ्या बाबांच्या जुन्या ड्रॉइंगच्या कागदांची मागची बाजू कोरी आहे. नवा कागद कशाला आणायचा, म्हणून त्यावरच लिहिते आहे. उलट बाजूला कुठल्याशा पंपाचे नकाशे दिसतील, ते पत्राचा भाग नाहीत. वरच्या मजल्यावरची प्रियदर्शनी म्हणाली, "काकू, तुम्ही सांगा, मी इमेल टाइप करून पाठवते, दोन मिनिटांत सलिलदादाला मिळेल." मी नको म्हटलं. खरं तर यातलं निम्मं तिला माझ्याआधी कळलेलं आहे. तरी पण.

मागच्या रविवारी तू फोनवर विचारलंस, "आई, बाबा शेवटी काही म्हणाले का गं?" मी म्हटलं, "नाही रे, वाचाच गेली होती." मग तू म्हणालास, "फ्लॅट, पासबुकं, गॅसचं कार्ड, सगळं तुझ्या नावावर नीट लावून गेले. मला एक वाक्य ठेवलं नाही." मी "बरं, तुझ्या फोनकार्डाची मिनिटं जातायत" म्हणून फोन ठेवला. राग आला असेल तुला. पण ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. तुझ्या बाबांची वाचा गेली नव्हती, सलिल. ते बोलत होते, होळीनंतर आजारी पडले तेव्हापासून गणपतीपर्यंत बोलत होते. आम्हाला कुणाला कळत नव्हतं एवढंच. तुझं वाक्यही त्यात आहे. सांगते. पण त्याच्याआधी बरंच सांगावं लागणार आहे, आणि माझा हात आता पूर्वीसारखा भरभर चालत नाही, तेव्हा जिथे थांबले असेन तिथे तूही थांब.

इस्पितळातून घरी आणल्यावर उजवी बाजू गेलेली होती हे तुला माहीत आहे. सकाळी अंग पुसणं, कूस बदलणं, चादरी धुणं, मऊ भात गाळून भरवणं, यातच दिवस जायचा. विष्णुसहस्रनाम मी म्हणायचे तेही चादरी पिळता पिळता. देव ऐकत असेल तर मोरीतलंही ऐकतो असं मनाशी धरलं होतं. भरवताना ते तोंड मिटून घ्यायचे. ओठ असे घट्ट, की चमचा आत जायचा नाही. डोळे माझ्याकडे, पण परक्या माणसाकडे पाहावं तसे. डॉक्टर म्हणाले, हा आजाराचाच भाग आहे. मग त्या बोलायला शिकवणाऱ्या बाई यायला लागल्या. त्यांच्याकडे चित्रांचे पुठ्ठे होते. बाबा दिव्याला दीप म्हणाले तेव्हा बाईंना आनंद झाला, बरोबरची खूण केली. पुढचं चित्र गाईचं. बाबा म्हणाले, "आकळु." फुली. घर, फुली. पाणी, फुली. पुठ्ठे संपले तरी फुल्याच. बाईंनी मला बाहेर बोलावून सांगितलं, "आजी, आवाज येतोय पण अर्थ नाही. अशी असंबद्ध बडबड पुष्कळ पेशंट करतात, तुम्ही त्यात काही शोधू नका." मी शोधलं नाही. एकदा तुझा फोन आला तेव्हा रिसीव्हर त्यांच्या कानाशी धरला होता, आठवतंय? ते काहीतरी बोलले, आणि तू म्हणालास, "आई, राहू दे, बाबांना त्रास नको." तूही शोधलं नाहीस. कुणाचंच चुकलं नाही. सगळ्यांनी शहाण्यासारखंच केलं.

प्रियदर्शनी हुबळीची. वरच्या फ्लॅटमध्ये चौघीजणी भाड्याने राहतात, सगळ्या सॉफ्टवेअरमधल्या. त्यांना न्यायला कंपनीची गाडी अवेळी येते आणि हॉर्न वाजवते म्हणून सोसायटीच्या बैठकीत सगळ्यात आधी मीच तक्रार केली होती. तेव्हापासून ती मला जिन्यात दिसली की उगाच चप्पल हातात घेऊन चालायची. आषाढात एकदा गॅसवाला येणार होता म्हणून ती किल्ली द्यायला दारात आली. बाबांना खिडकीशी खुर्चीत बसवलं होतं, ते आपले बोलतच होते. ती किल्ली तशीच हातात धरून उभी राहिली. मी म्हटलं, "ठेव इथे, देईन त्याला." तरी हलेना. मग चप्पल काढून आत गेली, त्यांच्यासमोर खाली बसली आणि काहीतरी म्हणाली. सलिल, तुझ्या बाबांनी मान वळवली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा कुणाच्या बोलण्याला मान वळवली. आणि मग जे बोलायला लागले ते थांबेनात. ती पोर हसायची, माना हलवायची, आणि मधेच तिच्या डोळ्यांना पाणी यायचं. मी स्वयंपाकघराच्या दारात पिठाच्या हातांनी उभी. मला म्हणाली, "काकू, अंकल कन्नड बोलतायत. एकदम आमच्या साइडचं. पण... छोट्या मुलासारखं बोलतायत. ते विचारतायत, मुंज झाली का?"

आता तुला ते सांगते, जे आपल्या घरात कधीच बोललं गेलं नाही. तुझे बाबा दत्तक आले होते. तू ज्यांना आजी-आजोबा म्हणायचास त्यांना मूल नव्हतं. अक्कलकोटच्या पलीकडे, कन्नड मुलखात, त्यांचे लांबचे भाऊबंद होते, देवळातली पूजा करणारे, गरीब, पदरात तीन मुलगे. त्यातला मधला तुझ्या आजी-आजोबांनी घेतला. लग्न ठरवताना गोत्र बघावं लागतं, त्यामुळे माझ्या वडिलांना सांगितलं होतं आणि त्यांच्याकडून मला कळलं होतं. गावाचं नाव सुद्धा मला माहीत होतं. पण सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं, "त्याचं मागे आता कुणी नाही, आणि तो विषय त्याच्यापुढे काढायचा नाही." मी काढला नाही. त्यांनीही कधी काढला नाही. मला वाटायचं, अगदी तान्हे असताना आले असतील, त्यांनाच काही ठाऊक नसेल. इतकं पुणेरी मराठी बोलणारा माणूस, र्‍हस्वदीर्घ चुकलं तर दुकानाच्या पाटीपुढे उभा राहून दुकानदाराला सुनावणारा. त्याच्या पोटात आठ वर्षांचा एक कानडी मुलगा बसलेला असेल असं कुणाला वाटेल.

मग रोज संध्याकाळी, गाडी यायच्या आधी, प्रियदर्शनी खाली येऊन बसायची. तिच्याकडून तुकड्या-तुकड्यांनी कळत गेलं. त्यांचं तिकडचं नाव रंगनाथ, घरात रंगा; श्रीधर हे इकडे आल्यावरचं. वडिलांनी सांगितलं होतं की पुण्याच्या काकांकडे तुझी थाटात मुंज करायची आहे, मुंज झाली की परत. आणि पहाटे झोपेतच उचलून बैलगाडीत घातलं होतं. जाग आली तेव्हा गाव दिसत नव्हतं. बाबांच्या डोक्यात आता फक्त तेवढंच उरलं होतं. पुणे होतं, पण ते मुंजीला आलेलं पुणे. मी होते, पण कोण, ते ठाऊक नव्हतं. प्रियदर्शनी सुरुवातीला सांगायला बिचकत होती, मीच म्हटलं, जे असेल ते सांग. तर ते मला "ती बाई" म्हणत होते. ती बाई चांगली आहे, पण तिच्या हातचं खाल्लं तर परत पाठवणार नाहीत. म्हणून ते ओठ मिटून घेत होते. अडतीस वर्षं माझ्या हातचं जेवलेला माणूस, सलिल. मी त्या दिवशी देवापुढे बसले पण स्तोत्र आठवेना. नुसती बसून राहिले. आधी भांडावंसं वाटलं, मग कुणाशी भांडायचं ते कळेना, मग कुकरची वेळ झाली.

दुसऱ्या दिवशी मी प्रियदर्शनीला म्हटलं, त्यांना माझ्याकडून सांग: मुंज झाली की मी स्वतः नेऊन पोचवीन, आईकडे. ती म्हणाली, "काकू, प्रॉमिस करू तसं?" मी म्हटलं, कर. तिने सांगितलं. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि डावा हात पुढे केला. मी माझा हात दिला. त्या संध्याकाळी चार चमचे भात खाल्ला त्यांनी. तेव्हापासून खायचे. फार नाही, पण खायचे, आणि खाऊन झालं की दाराकडे बघायचे. मला खोटं बोलायची सवय नाही, तुला माहीत आहे. बसमध्ये कंडक्टरने तिकीट मागितलं नाही तर उठून त्याच्याकडे जाणारी मी. मनाशी म्हटलं, थोडे बरे होऊ देत, गाडी करून नेऊन आणीन, ते घर असो नसो, देऊळ तर असेल. पण ते बरे व्हायचे नव्हते.

तुझं वाक्य. श्रावणातली गोष्ट आहे. टीव्हीवर ठेवलेला तुझा फोटो, विमानतळावरचा, गळ्यात ती काळी बॅग असलेला, तो ते सारखा बघायचे. एका संध्याकाळी त्यांनी डाव्या हाताने त्याच्याकडे बोट केलं आणि काहीतरी विचारलं. प्रियदर्शनी सांगेना. मी म्हटलं, सांग. म्हणाली, "ह्या मुलाला पण कुणाला दिलंय का, विचारतायत." मी म्हटलं, नाही, सांग त्यांना, तो आपलाच आहे, कामाला गेलाय लांब. तिने सांगितलं. त्यांनी परत विचारलं, त्याला झोपेत नेलं का? मी म्हटलं, नाही, चांगला जागा होता, आम्ही दोघं मुंबईला पोचवायला गेलो होतो. ते ऐकून त्यांचा चेहरा असा सैल झाला, की आजारपणात पहिल्यांदा मला ते ओळखीचे वाटले. आणि म्हणाले, "मग त्याला वाट ठाऊक आहे." एवढंच. तुला ठेवलेलं वाक्य एवढंच आहे. तुला ओळखून म्हणाले असं मी सांगणार नाही, कारण तसं नव्हतं. पण तुझ्याचबद्दल म्हणाले.

गणपती उठले त्याच आठवड्यात ते गेले. तू तिसऱ्या दिवशी पोचलास. घर माणसांनी भरलेलं, तुझं तोंड सुकलेलं, त्यात तुला प्रोजेक्टचे फोन. तेव्हा हे कसं सांगणार. पण एक गोष्ट तुझ्या नकळत केली ती आता सांगायला हवी. संगमावर तू अस्थी सोडल्यास त्या सगळ्या नव्हत्या. यज्ञेश्वर गुरुजींना सांगून मी चिमूटभर बाजूला काढून घेतल्या होत्या. गुरुजी आधी तयार नव्हते. म्हणाले, "मंदाकिनीबाई, एकदा दत्तविधानात बापाने पाणी सोडलं की जन्मघर संपलं. तिकडची आई ही शास्त्राने त्यांची आई नाही. त्यांचं सुतक तिकडे नाही, तिकडचं इकडे नाही." मी म्हटलं, मला सुतकाचं विचारायचं नाही, मी पोचवीन म्हणून हात दिलाय. तर म्हणाले, "मग इथंच सोडा की. मुळा-मुठा भीमेला मिळते आणि भीमा तिकडूनच जाते. गाडीभाडं वाचेल." गाडीभाड्याचं ऐकून मी एरवी विचार केला असता. त्या दिवशी केला नाही. अस्थी घरात ठेवत नाहीत म्हणून पुरचुंडी गॅलरीबाहेर, कपड्यांच्या दांडीच्या टोकाला बांधली. सोसायटीचे नवे चिटणीस खालून ओरडले, "वहिनी, ते बाहेर काय लोंबतंय? नियमात बसत नाही." मी म्हटलं, "तुमच्या आधीचे चिटणीस आहेत." नंतर त्यांनी विचारलं नाही.

दिवाळी करायची नव्हतीच. ती उलटल्यावर अक्कलकोटला स्वामींच्या दर्शनाला जाते असं सांगून निघाले, आणि दर्शनही घेतलं, म्हणजे तेही खोटं नाही. पुढे बस, मग जीप. प्रियदर्शनीला रजा मिळाली नाही, त्यामुळे एकटीच होते. वाटलं होतं, गाव सापडेल, देऊळ सापडेल, नदीवर कुणीतरी भटजी मिळेल, पुरचुंडी सोडीन आणि संध्याकाळच्या गाडीने परत. पाय सुजले होते. देवळाशेजारच्या घरापुढे एक गृहस्थ मोटारसायकल पुसत होते. दिगंबर त्यांचं नाव, तुझ्या बाबांच्या चुलत्याचा नातू. मराठी बोलतात, तिकडचं. मी म्हटलं, मी पुण्याची, इथून खूप वर्षांपूर्वी रंगनाथ नावाचा मुलगा दत्तक गेला होता, त्याच्या घरचं कुणी आहे का. त्यांनी फडकं खाली ठेवलं. म्हणाले, "घरचं म्हंजे? आत हायत की अव्वा. त्याची आई."

सलिल, ती जिवंत आहे. सासूबाईंनी "मागे कुणी नाही" म्हटलं ते त्यांना तसं हवं होतं म्हणून. तुंगाबाई नाव. चौऱ्याऐंशीच्या पुढची असेल, दिसत जवळजवळ नाही, ऐकू येतं. ओसरीवर भिंतीला टेकून वाती वळत बसली होती. मी पायाला हात लावला तर तिने माझ्या मनगटावरून, कोपरावरून हात फिरवला आणि बांगड्या नाहीत हे तिच्या हाताला कळलं. दिगंबरनी मोठ्याने कन्नडमध्ये सांगून टाकलं, मला थांबवायला वेळच मिळाला नाही. ती रडली नाही. वात वळायची राहिली होती ती आधी पूर्ण केली. मग हळू काहीतरी बोलली. दिगंबर मान खाली घालून सांगायला लागले, "म्हणती, त्याला न्हेलं तवाच सगळ्यांनी सांगितलं, ह्यो आता तुझा न्हाई, रडायचं न्हाई. बाकीची दोघं माझ्या पुढ्यात गेली, त्यांचं रडले. ह्याचं सुतक मला लागत न्हाई म्हणून सांगितलंय नव्हं? मग मी कशाला उठून आंघोळ करू." आणि बसून राहिली. मी पिशवीतून पुरचुंडी काढली. हे काय आहे ते मी सांगायच्या आधीच तिने हात पुढे केले, मांडीवर घेतली, आणि वर पदर टाकला, जसं झोपलेल्या मुलावर टाकतात. किती वेळ गेला माहीत नाही. आतून त्या घरातल्या सुनेने चहा आणला तो निवला.

मग ती बोलायला लागली, तुटक, मधे मधे माझ्यासाठी मराठीत. मुंज नीट झाली का? मांडव मोठा होता का? मी ऐकलं होतं तेवढं सांगितलं, सनई होती, पंगती होत्या. मग विचारलं, "मातृभोजन कुणासंगं?" मुंजीच्या दिवशी मुलगा आईच्या ताटात शेवटचं जेवतो, त्याचं विचारत होती. मी म्हटलं, माझ्या सासूबाईंबरोबर. तिने मान हलवली, ते तिला ठाऊकच असणार. मग म्हणाली, "जेवला?"

मला तुझी मुंज आठवली. तू आणि मी पाटावर बसलो, फोटोवाला पुढे, आणि तुझे बाबा उठून कार्यालयाच्या बाहेर चपलांपाशी जाऊन उभे राहिले, फोटोत नाहीतच. मी किती बोलले होते त्यांना त्यावरून. आणि सासूबाई प्रत्येक मुंजीत हसून सांगायच्या तेही आठवलं, की आमच्या श्रीधरने मातृभोजनाला तोंडच उघडलं नाही, ओठ असे मिटून बसला, शेवटी भटजींनी ताट उचलायला सांगितलं. हे सगळं माझ्या डोक्यात एकदम आलं आणि समोर ती म्हातारी, पदराखाली हात घेऊन, उत्तराची वाट बघत. इतक्या वर्षांत तिला दुसरं काही जाणून घ्यायचं नव्हतं. शिकला का, नोकरी काय होती, घर केवढं, काही नाही. जेवला का. मी म्हटलं, "जेवला. माझ्या हातून जेवला." मुंजीत नाही, आषाढात, पण जेवले ना. गुरुजींना विचारलं तर ते याला काय म्हणतील मला माहीत नाही, आणि मी विचारणारही नाही. तिने पुरचुंडी माझ्या हातात परत दिली आणि म्हणाली, आता ने. दिगंबर आणि मी उन्हं उतरताना भीमेवर गेलो. पाणी संथ होतं.

आता हे एवढं सगळं कशासाठी लिहिलं ते. तिच्या घरात तिला अज्जी म्हणणारे आहेत, काकू म्हणणारे आहेत. अव्वा, म्हणजे आई, म्हणणारं तिचं स्वतःचं कुणी उरलेलं नाही. गावात सगळेच अव्वा म्हणतात ते वेगळं. निघताना तिने विचारलं, त्याचा मुलगा आहे ना, त्याचा आवाज कसा आहे. मी म्हटलं, फोनवर मला अजून फसायला होतं, इतका बापाचा आहे. तिने पुढे काही मागितलं नाही. मागायचा हक्क नाही असं तिला लहानपणीच शिकवलेलं दिसतंय. म्हणून मी मागते. तुला इकडे ये म्हणत नाही, तुझं ग्रीन कार्डाचं चाललंय ते मला समजतं. मीही आता परत तो प्रवास करेन असं वाटत नाही. हे पत्र मिळेल त्यानंतरच्या पहिल्या रविवारी मला फोन करू नकोस, तिला कर. दिगंबरांच्या घरी फोन आहे, नंबर वरच्या कोपऱ्यात लिहिला आहे, त्यांना मी कळवलंय. तुला दत्तक देत नाहीये, फक्त माझा एक रविवार देते आहे. "अव्वा" म्हण, आजी म्हणू नकोस. ती काय बोलेल ते सगळं तुला कळणार नाही, पण पहिल्यांदा काय विचारेल ते मी आत्ताच सांगते: "ऊटा आयता?" जेवलास का. त्यावर म्हणायचं, "ऊटा आयतु, अव्वा." झालं जेवण. प्रियदर्शनीकडून तीनदा म्हणवून घेऊन लिहिलं आहे, चुकणार नाही. तुझं शनिवारचं रात्रीचं जेवण होतं तेव्हा इकडे रविवारची सकाळ झालेली असते. तेव्हा जेवण करूनच फोन लाव, बाळा. नुसतं म्हणायचं म्हणून म्हणू नकोस. तिला एकदा तरी पुरं खरं ऐकू दे.

तुझ्या फोनशिवायचा रविवार काढू शकणारी,
तुझीच
आई